पाळकाची अक्कलदाढ

शनिवारी दुपारी माझा थोरला भाऊ गाल धरून माझ्या दवाखान्यात शिरला, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे: बरी जिरली! बहिणीनं असं म्हणू नये, दातांच्या डॉक्टरनं तर मुळीच म्हणू नये. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हाच दादा सगळ्या मंडळीसमोर मला संडे स्कूलवरून काढणार होता. मग मी काय त्याच्यासाठी गालिचा अंथरू?

दादा आमच्या चर्चचा पाळक. मी कॉलेजात असल्यापासून रविवारचा मुलांचा वर्ग घेते. मला मूलबाळ नाही. हे मी रडत सांगत नाही, नाही तर नाही. पण रविवारी सकाळी त्या मागच्या खोलीत शिरले की सगळीकडून "टीचर, टीचर" सुरू होतं, आणि उरलेला आठवडा मी त्यावर काढते. तो वर्ग गेला तर माझ्याकडे लोकांचे किडके दात तेवढे उरणार होते.

आणि हे सगळं कशावरून, तर अक्कलदाढेवरून! वर्गात बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय चालला होता, देवानं जग घडवलं तो. एका चिमुरडीच्या आत्याची अक्कलदाढ मी त्याच आठवड्यात काढली होती. तिनं हात वर केला आणि विचारलं, "टीचर, देवानं सगळं चांगलं केलं, मग आत्याच्या दाढेला जागा का नाही केली?" आता मुलांना थापा मारणं मला जमत नाही. मी म्हटलं, फार फार पूर्वीच्या माणसांचे जबडे मोठे होते, कच्चं आणि कडक चावायला लागायचं. मग अन्न मऊ होत गेलं, पिढ्यामागून पिढ्या जबडा आखूड होत गेला, पण दाढ बिचारी अजून येतेच आहे. देवाचं काम असं सावकाश चालतं.

घरी जाऊन कार्टीनं आजोबांना काय सांगावं? "टीचर म्हणाल्या, आदामाचा जबडा माकडाचा होता आणि त्याला अक्कल आली नव्हती." आजोबा म्हणजे चर्च कमिटीचे सेक्रेटरी. झालं! कमिटी बसली, ठराव झाला. शिक्षिकेचा बायबलवर विश्वास राहिलेला नाही, पाळकसाहेबांनी रविवारी तसं जाहीर करावं. आणि दादानं मला एका शब्दानं विचारलं नाही. फोनवर नुसतं म्हणाला, "उद्या मला ते सांगावं लागेल." मी फोन आपटला.

आणि त्यानंतर तासाभरात साहेब माझ्या खुर्चीत.

"दुसरा डॉक्टर मेला होता का?" मी विचारलं.

"तू असताना?" तो म्हणाला. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, गाल सुजून टम्म झाला होता. वहिनीनं आठवडाभर गोळ्या देऊन पाहिल्या होत्या. मी एक्स-रे काढला आणि माझा राग जरा बाजूला झाला. खालची डावी अक्कलदाढ आडवी झोपलेली, मुळाशी पू, आणि एक मूळ आकड्यासारखं वाकून जिभेच्या बाजूला घुसलेलं. तिथूनच जिभेची नस जाते. तिला धक्का लागला तर अर्धी जीभ कायमची बधिर. दुसऱ्या कुणाला मी सांगितलं असतं, थोडं अडखळाल पण सवय होईल. पाळकाला काय सांगणार?

मी दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काढ."

माझ्याकडे मदतीला एक मावशी आहेत, माझ्याआधीपासून या दवाखान्यात असलेल्या. त्यांनी हत्यारं मांडली. मी इंजेक्शन हातात घेतलं, पण माझ्यानं राहवेना.

"आधी मला सांग, माझा विश्वास गेला असं तुला खरंच वाटतं?"

दादानं डोळे मिटले. मग सावकाश, दुखऱ्या तोंडानं बोलला. "ठके," तो लहानपणापासून मला ठकी म्हणतो, "जबड्याचं तुझं ऐकलं तर माणूस प्राण्यांतून आला. म्हणजे आदामाच्या आधी लाखो वर्षं सगळे मरतच होते. मग मरण आदामाच्या पापामुळे जगात आलं, हे शास्त्रातलं खरं नाही. देवानंच ते हत्यार म्हणून वापरलं. हो ना?"

मी इंजेक्शनची सुई उगाच उजेडाकडे धरून बघितली.

"आई गेली तेव्हा तू चिमुरडी होतीस. तू विचारलंस, देवानं आईला का मारलं? मी तुला सांगितलं, मरण देवाचं नाही, मरण देवाचा शत्रू आहे. तेवढ्या एका वाक्यावर मी पाळक झालो, ठके. आता तू म्हणतेस ते वाक्य खोटं आहे."

इतक्या दिवसांत हे त्यानं मला एकदाही सांगितलं नव्हतं. मी आपली समजत होते की तो सेक्रेटरींना घाबरतो.

"मी तसं म्हणत नाही," मी म्हणाले. "तू म्हणतोस देवानं माणूस मातीतून घडवला, मीही तेच म्हणते. फक्त मी म्हणते, हात सावकाश चालला. मरणाचं मला माहीत नाही, दादा. खरंच माहीत नाही. पण रोज जबडे उघडून बघते, त्यात जे दिसतं ते दिसत नाही असं कसं म्हणू? त्यानंच दाखवलं ना?"

"मग शास्त्र..."

"आ कर," मी म्हटलं आणि इंजेक्शन दिलं. हो, केलं मी तसं! त्याला उत्तर देता येऊ नये म्हणूनच केलं.

जीभ बधिर झाल्यावर त्यानं "ठके" म्हणायचा प्रयत्न केला. "थके" असं आलं. मावशी हसल्या. मला हसू आलं नाही.

हिरडी उघडली, हाड थोडं उतरवलं, दाढेचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा सहज आला. दुसरा हलेना. मी जरा जोर लावला आणि कट्ट असा आवाज झाला. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. मुळाचं टोक मोडून आत राहिलं होतं, नेमकं नसेवर. दादाचं सगळं अंग ताठ झालं. एवढं इंजेक्शन देऊनही त्याला झटका बसला होता, विजेचा बसतो तसा. त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला आणि डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं.

टोक तसंच सोडावं तर आत पू, उद्या ताप चढला असता. काढायला जावं तर नस. रक्तानं खड्डा भरून येत होता, मावशी नळीनं ओढून घेत होत्या, पुन्हा भरत होता. मी दोनदा हत्यार आत नेलं आणि दोन्ही वेळा ते भलतीकडेच टेकलं. इतक्या वर्षांत माझा हात कधी चुकला नव्हता. हा माझा भाऊ होता, आणि याच जिभेनं तो उद्या मला बाहेर काढणार होता. माझ्या हाताला हे ठाऊक होतं की काय, असं माझ्या मनात आलं.

मी हत्यार खाली ठेवलं. प्रत्येक पेशंटच्या वेळी मी मनातल्या मनात दोन शब्द बोलते, मावशींना ते ठाऊक आहे. त्या दिवशी मनातल्या मनात जमेना. मोठ्यानंच बोलले.

"प्रभू, ही दाढ जागा नसताना इथे का येते मला ठाऊक नाही. किती पिढ्यांपासून येतेय, तुला ठाऊक. ज्या हातानं इथवर आणलीस, त्याच हातानं आता माझा हात धर. मी याच्यावर रागावलेय. तो राग माझ्या हातातून काढून घे. याची जीभ याला राहू दे. मग ती माझ्याविरुद्ध बोलली तरी चालेल."

मावशी "आमेन" म्हणाल्या. दादा काही म्हणू शकत नव्हता.

खड्डा धुतला. क्षणभर रक्त थांबलं आणि टोक दिसलं, तांदळाच्या कणीएवढं. बारीक हत्यार त्याच्या कडेला लावलं, जोर न लावता नुसतं टेकवलं. ते तरंगल्यासारखं वर आलं. मी टाके घातले, कापसाचा बोळा दाताखाली दिला आणि बजावलं, "सोमवारपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. रक्ताची गाठ निघाली तर पुन्हा सगळं वाहायला लागेल. जीभ संध्याकाळपर्यंत जागी होईल." झाली तर, हे मी बोलले नाही.

संध्याकाळी वहिनीला फोन केला. "जीभ जागी झाली का?" वहिनी म्हणाली, "काय माहीत बाई, खोलीत दार लावून बसलेत. विचारलं तर हातानंच जा म्हणतात." रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले, उठून जाताना कुणाच्या पायात यायला नको म्हणून. दादा पुढे आपल्या खुर्चीत, गाल काळानिळा. संदेश द्यायला एक निवृत्त पाळक बोलावले होते. माझी मुलं पहिल्या रांगेत बसून मागे वळून वळून मला हात करत होती. मी इकडेतिकडे बघत होते. काय करणार!

मग सेक्रेटरी उठले. "पाळकसाहेबांना बोलता येत नसल्यामुळे त्यांच्या वतीनं मी सांगतो. संडे स्कूलच्या शिक्षिकांचा पवित्र शास्त्रावर विश्वास राहिलेला नसल्यामुळे..."

"राहिलाय."

सगळ्या माना वळल्या. दादा उभा होता. मी श्वास रोखून ऐकत होते, काय बोलतोय ते नाही, कसं बोलतोय ते. 'र' नीट आला होता.

"साहेब, तुम्हाला डॉक्टरांनी..." सेक्रेटरी म्हणाले.

"तिचं जबड्याचं म्हणणं मला पटलेलं नाही," दादा म्हणाला. सावकाश, एकेक शब्द सुटा. "आयुष्यभर पटणार नाही. त्यावर आम्ही दोघं भांडू, आमच्या घरी. पण काल मी तिच्या हातात होतो आणि तिला प्रार्थना करताना ऐकलं. विश्वास नसलेलं माणूस तसं बोलत नाही. हे मी पाळक म्हणून सांगतो. ठराव मी जाहीर करणार नाही. कमिटीला हवं तर कमिटीनं आधी मला काढावं."

सेक्रेटरींनी ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग दादानं सगळ्यांच्या डोक्यांवरून थेट शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"ठके, मुलं थांबलीत. वर्ग घे."

ठ! स्वच्छ, टणक, लहानपणी अंगणातून हाक मारायचा तसा ठ! माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातून मला दिसलं की त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल धार निघून पांढऱ्या कॉलरवर उतरतेय.

"दादा!" मी बाकावरून उठून ओरडले, भर उपासनेत. "तोंड मिट आधी! मिट म्हणते ना!"

त्यानं मुकाट्यानं तोंड मिटलं. मी कापूस शोधत पुढे धावले आणि पहिल्या रांगेतली सगळी मुलं माझ्या मागे निघाली.