म्हशीचा दगड

"तुमचा पूल बुटका आहे, बाई!" आबा सकाळपासून सहाव्यांदा ओरडले.

तपासणीसबाईंनी मान वर केली नाही. नव्या वळणरस्त्यावरचे बारा पूल दुसऱ्याच कुणी आखलेले. त्यांची आकडेमोड जागेवर पडताळून सही करायची, हे बाईंचं काम. अकरा झाले होते. उन्हानं डोकं उठलं होतं, पायांचे तुकडे पडले होते. हा ओढ्यावरचा शेवटचा. आज सही झाली की उद्या पायाचं काँक्रीट पडणार होतं.

"आबा, हा सरकारी दगड बघा. पुराची रेघ कोरलीय. पुलाचा तळ तिच्याहून चार फूट वर घेतलाय."

"रेघ गेली खड्ड्यात! मी पूर ह्या डोळ्यांनी बघितलाय. काठावरची सात घरं नेली त्यानं."

मुकादम हसला. "बाई, ह्यांचा पूर दरवर्षी हातभर वाढतो. करा सही."

बाई सहीसाठी दगडाला टेकल्या, तर बोटांना खाच लागली. दोर घासून घासून पडलेली, गुळगुळीत.

"इथं काय बांधत होता?"

इतका वेळ तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या आबांनी ओढ्याकडे तोंड फिरवलं. धुणं घेऊन आलेल्या आजी, आबांची बायको, कडाडल्या, "आता का दातखीळ बसली? बाई, म्हैस डुंबायला यायची, तिला खुंटा नव्हता. ह्यांनी वरनं दगड उपटला न् इथं रोवला. बावीस वर्षं झाली."

दगडाची मूळ जागा आबांच्या खळ्याच्या कडेला निघाली. खड्डा अजून होता, त्यात कोंबड्या धुळीत लोळत होत्या. बाईंनी उंची मोजायची दुर्बीण लावली, आजींनाच पट्टी धरून उभं केलं. दोन्ही जागांच्या उंचीत फरक साडेपाच फुटांचा. म्हणजे पुरात पुलाचा तळ दीड फूट बुडणार, आणि अडलेलं पाणी काठावर पुन्हा बांधलेल्या घरांत शिरणार.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सरकारी दगड. आत टाकतील म्हणून भ्यालो."

बाई खळ्यावरच बसल्या. सही ठोकून घरी जावं आणि दोन दिवस झोपून काढावेत, असं त्यांना खरंच वाटलं.

"आबा, मी लिहीन. पण तुमच्या जबानीशिवाय कुणी मानणार नाही. आणि पूल उचलला की रस्त्याचा चढ लांबतो. तो ह्या खळ्यावरूनच जाईल."

"जाऊ द्या ना बाई," मुकादम म्हणाला. "दगड थोडाच बोलतोय? वर्षभर काम लांबलं तर गाव ह्यांनाच शिव्या घालील."

आबांनी खळ्यावरून नजर फिरवली. वडिलांनी चोपून चोपून केलेली जमीन. मग काठावरच्या घरांकडे बघितलं.

"लिहा," ते म्हणाले. "सही कुठं करू?"

बाईंनी नकाशावरचा आकडा खोडला. आजींनी धुण्याची बादली उचलली.

"एका म्हशीपायी खळं गेलं," त्या म्हणाल्या. "आणि मेली दूध तरी कुठं धड देत होती!"