चक्रवाक दाखवणारी दुर्बीण

म्हातारी झाले मी आता, मित्रांनो. मी एक दुर्बीण आहे. दूरच्या एका कारखान्यात कारागिरांनी माझी भिंगं घासली, पितळी नळ्यांत बसवली आणि वर काळं चामडं चढवलं. फिरत फिरत मी शाहूपुरीतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आले आणि तिथून आकारामआण्णांच्या गळ्यात पडले.

आण्णांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. माणूस माळकरी. गावोगावच्या देवळांत हौसेनं कीर्तन करायचे. थंडी पडून उत्तरेकडचे थवे उतरू लागले, की रविवारी पहाटे पक्षी बघणाऱ्या मंडळींबरोबर शिरोळच्या बाजूला निघायचे. तिथं मी हातोहात फिरे. माझ्यातून बघून लोक हात जोडत. खोटं कशाला बोलू, मी फुगून जाई.

१९९६ सालच्या हिवाळ्यात एका गावतळ्यावर चक्रवाकाची जोडी उतरली. केशरी अंगाची, एकमेकांना सोडून हलत नव्हती. रात्र पडली की ताटातूट होते म्हणतात, त्या या पाखरांचा विरह आण्णा वर्षानुवर्षं कीर्तनात गात आले होते, पण डोळ्यांनी ती त्या दिवशीच पहिल्यांदा पाहत होते. माझी काच त्यांच्या आसवांनी ओली झाली.

फासे लावून पाखरं धरणारे लोक त्या भागात टपलेले असत. म्हणून पक्षी बसायची जागा बाहेर कुणाला सांगायची नाही, असा मंडळींचा नियम होता. त्यांच्यात शांभवी नावाची कॉलेजातली मुलगी होती, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "आण्णा, जागा बोलायची न्हाय हं. तुमच्या पोटात काय ऱ्हात न्हाय."

"माळ घातल्यापासनं पोटात मटण न्हाय बाई. तेवढी जागा मोकळी हाय की. मावंल गुपित."

सगळे हसले.

त्याच आठवड्यात त्या गावच्या देवळात आण्णांचं कीर्तन होतं. मी मृदंगाशेजारी पिशवीत होते. आण्णांची एक श्रद्धा होती, की दृष्टांत जितका जवळचा, तितका तो काळजाला भिडतो. विरहाचा अभंग रंगला. टाळ थांबले. आण्णा भरात बोलून गेले, "ही गोष्ट पुराणातली न्हाय, माऊली. तुमच्याच तळ्यावर, वरच्या अंगाला, बाभळीखाली ती दोघं बसल्यात. उद्या पहाटं जाऊन डोळं भरून बघा."

सभा डोलली. बायकांनी पदरानं डोळे पुसले. त्यांच्यासारखं माझंही मन भरून आलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही तळ्यावर गेलो. बाभळीखाली दोऱ्याचे फासे तुटून पडले होते. चिखलात केशरी पिसं. कीर्तनात पुढं बसलेली झुंबरबाई म्हशी घेऊन आली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "म्हाराज, परवा दोघं आलते फासं घिऊन. मी आडवी गेली, तर म्हनाले, कीर्तनातच ऐकलंय, म्हाराजांनीच जागा सांगितलीया."

आण्णांनी मला डोळ्यांना लावलं, पण डोळे भरलेले. माझ्यातून त्यांना काही दिसेना. शांभवीनं मला हळूच काढून घेतलं, तळ्यावर नजर फिरवली.

"एकच हाय, आण्णा," ती म्हणाली. एवढंच. टोमणा तिनं मारला नाही.

मागं राहिला होता तो नर. दिवसभर तो तळ्यावर घिरट्या घालून हाका मारी. आण्णा दुकान बंद ठेवून काठावर राखणीला बसू लागले. चैत्र लागला, बाकीचे थवे उत्तरेला गेले, हा मात्र जाईना. एका सकाळी आम्ही पोचलो, तर तळं रिकामं. तो उडून गेला की फाशात गेला, हे मला अजून माहीत नाही. आण्णांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर त्यांनी मला ट्रंकेत ठेवलं. दमट हवेनं भिंगांवर बुरशी चढली. कीर्तन ते करत राहिले, पण विरहाचा अभंग आला की नुसते टाळ वाजवत.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी असेल तर तिला कोरडी ठेवा, मऊ फडक्यानं पुसा. तिच्यातून पाखरं मनसोक्त बघा, त्यांचे रंग सांगा, त्यांची गाणी सांगा. मात्र ती कुठं बसतात, हे कुणी कितीही प्रेमानं विचारलं तरी सांगू नका. आण्णांनी तर ते प्रेमापोटीच सांगितलं होतं.