वास येत नाही

कंपनीत माणसं अकरा, पण नाकं पाच. उरलेल्या सहांची होती ती नुसती चष्मा टेकवायला. अंतराळयानात बसवायची एक पेटी ही मंडळी बनवत. माणसानं सोडलेला श्वास पेटीत शिरायचा आणि गाळून, निवळून परत बाहेर यायचा. पेटीतली प्रत्येक नळी, प्रत्येक चकती, गोंदाचा ठिपकासुद्धा आधी काचेच्या बरणीत तीन दिवस उबेला ठेवायचा आणि मग झाकण उघडून पाच जणांनी हुंगायचा. विष आहे की नाही ते यंत्र सांगतं; नकोसा वास येतो का, हे सांगायला अजून नाकच लागतं. आणि वर गेल्यावर कळून उपयोग नसतो. तिथं खिडकी उघडता येत नाही.

पाचांतलं मुख्य नाक एकच. त्याला सगळे नाकोबा म्हणत, तोंडावर म्हणत, आणि त्याला ते आवडे. छप्पन वर्षांचा, नाकासमोर चालणारा, नाकावर माशी बसू न देणारा गृहस्थ. आधी तो हुंगायचा, डोळे मिटायचा, मान हलवायचा. मग बाकीचे चौघे, त्यांत वेल्डर आणि गोदामवालीही, वास किती त्याचा आकडा आपापल्या चिठ्ठीवर लिहून सही करायचे. कुणी कुणाकडे बघायचं नाही, असा नियम भिंतीवर लावला होता. पण भिंतीकडे कोण बघतंय? सगळे नाकोबाच्या मानेकडे बघत असायचे. शेवटी वहीत तो आपल्या वळणदार अक्षरात लिहायचा : वास येत नाही.

त्या सकाळी त्याच्या नाकाखाली दूध करपलं.

“अहो! पातेल्याचा कोळसा झाला आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय?” बायको ओल्या केसांनी धावत आली.

“मला कसं कळणार?”

“कसं म्हणजे? नाकानं! साऱ्या दुनियेचं हुंगायला जाता, घरचं तेवढं कळत नाही होय?”

त्यानं पातेल्यात नाक घातलं. नुसती गरम वाफ. मोरीतला साबण उचलून हुंगला. ओला दगड हुंगावा तसं वाटलं. बायकोच्या चेहऱ्यावरचा ठसका उतरला.

“कधीपासून?”

“ती सर्दी झाली होती ना…”

“तिला महिना झाला!”

तो बोटांवर मोजू लागला. एकोणीस बरण्या. एकोणीस वेळा त्यानं डोळे मिटून मान हलवली होती, आणि वर मनात म्हटलं होतं, यंदा रबर काय स्वच्छ आलंय! शेवटच्या बरणीत मुख्य नळी होती, श्वास परत देणारी.

त्याच पेटीच्या भरवशावर तिघं जण अकरा दिवस वर राहणार होते. त्यांतली एक, ठेंगणीशी हसरी मुलगी, मागे कारखाना बघायला आली होती. “काका, मला नव्या गाडीत बसलं तरी रबराच्या वासानं ओकारी येते,” ती म्हणाली होती. “वर पहिले चार दिवस ठीक. अंगातलं पाणी डोक्याकडे चढतं, नाक चोंदतं. पुढचे सात दिवस तुमच्यावर हं!” ‘काका’ ऐकून हा पाघळला होता. “बिनघोर जा, बाळ,” म्हणाला होता.

तो धावतपळत कंपनीत पोचला. मालकीण त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी तिला सगळे ताईच म्हणत.

“ताई, मला वास येत नाही.”

“अहो, वाचलं मी वहीत. पेटी जाऊन आठवडा झाला, आता परत काय?”

“तसं नाही. येतच नाही.”

“अजिबात नाही ना? मग उत्तमच की!”

“ताई, माझं नाक गेलं!”

“कुणी कापलं? वेल्डर काही बोलला का?”

तेव्हा त्यानं करपलेल्या दुधापासून सगळं सांगितलं. ताई खुर्चीतून उठली ती पुन्हा बसलीच नाही. बाकीच्या चार नाकांना बोलावणं गेलं.

“नळीच्या बरणीला कुणाला वास आला होता?”

वेल्डरनं छताकडे बघितलं. “आला होता जरासा. ओल्या बुटासारखा.”

“मग शून्य का लिहिलंत?”

“नाकोबांनी मान हलवली. म्हटलं, एवढ्या मोठ्या नाकापुढं आपलं कशाला खुपसा?”

“मला नव्हता आला बाई,” गोदामवाली म्हणाली. “आला असता तरी शून्यच लिहिलं असतं. खोटं कशाला बोलू!”

नळीचा उरलेला तुकडा बरणीत गेला. बरणीला हवेत तीन दिवस, आणि उड्डाण उद्या.

ताईनं उड्डाणतळावर फोन लावला. यानाचं दार कालच बंद झालं होतं. पलीकडचा माणूस फार सभ्य होता, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

“विष आहे का?”

“विष नाही. पण वास…”

“तुमच्या पाच सह्या आहेत आमच्याकडे.”

“त्या पाच म्हणजे एकच आहे हो!”

“पण आहेत पाच. वासासाठी पेटी काढायची तर उड्डाण चार महिने मागे जाईल. तुमची नोंद घेतली आहे.”

यान ठरल्या वेळी गेलं. तिसऱ्या दिवशी बरणी उघडली. आता ‘ओला बूट’ सगळ्यांनी ऐकलेला, त्यामुळे सगळ्यांनाच बूट आला. गोदामवालीला तर मोजासुद्धा. या साक्षीची किंमत काय ते ताईला कळत होतं. नाकोबानं तरीही बरणीत नाक घातलं. चौघांनी सवयीनं त्याच्या मानेकडे बघितलं, आणि मग ओशाळून जमिनीकडे.

ताईनं नाकदुऱ्या काढून उड्डाणतळाला एवढं तरी कबूल करायला लावलं होतं की वरच्यांना वासाचं विचारतील. दुपारी स्पीकर खरखरला. अकराही जण भोवती जमले.

“काका आहेत का तिथं?” तोच हसरा आवाज. “काका, वास येत दाही! एकदब बजा आहे!”

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. वेल्डरनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. “वाचलात, नाकोबा!”

“अरे, ती ‘दाही’ म्हणाली.”

“नाहीच म्हणाली.”

“दाही! तिचं नाक चोंदलंय! ताई, परत विचारा तिला, पाचव्या दिवशी विचारा…”

“एकदाच विचारणार म्हणाले होते ते,” ताई हळू आवाजात म्हणाली. तिनंही ‘दाही’ ऐकलं होतं. तोंडावरून कळत होतं.

तिनं वही ओढली, त्या दिवसाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं : वास येत नाही. आणि वही सहीसाठी त्याच्यापुढं सरकवली.

त्यानं ते वाक्य दोनदा वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. एकोणीस वेळा नव्हतं, तसंच.

त्यानं सही केली.