डॉज की प्लिमथ

सासऱ्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, पण त्यांची गाडी अजून घर अडवून बसली होती. आमचं घर म्हणजे खाली गॅरेज आणि वर तीन खोल्या. गॅरेजमध्ये ही सोळा फुटी अमेरिकन गाडी, हिरवट रंगाची, चारही टायर बसलेली. ती कुणी चालवत नव्हतं, कुणी विकतही नव्हतं. नवऱ्याला विचारलं की म्हणायचा, "बघू."

मग सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं, यापुढे जिना बंद. तेव्हापासून त्या नणंदेकडे होत्या. तळमजल्यावर, हॉलमध्ये कॉट टाकून. कॉटला खेटून भाचीचं अभ्यासाचं टेबल, आणि भाचीची परीक्षा तोंडावर आलेली. नणंद रोज फोन करून म्हणायची, "वहिनी, मी काही म्हणत नाहीये हं." एवढं रोज ऐकल्यावर ती काय म्हणतेय ते कळतंच.

गॅरेजची खोली करायची, हा उपाय माझा. गवंडी येऊन बघून गेला. म्हणाला, "गाडी हलवा, पंधरा दिवसांत खोली देतो. पण पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत हात लागला पाहिजे. पुढे मी मोकळा नाही."

नवऱ्याने एकदाचे गाडीचे फोटो काढले आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकले. लगेचच्या रविवारी सकाळी नऊला तिघे जण दारात उभे. डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, आणि एक बेकरीवाले. बेकरीवाल्यांना बाकीचे दोघं 'चेसिस' म्हणत, कारण कुठलीही गाडी दिसली की ते आधी चेसिस नंबर विचारत.

"वा! प्लिमथ," डॉक्टर म्हणाले.

"डॉज," साहेब म्हणाले.

झालं. डॉक्टरांचं म्हणणं, पुढची जाळी बघा, बॉनेटवरची अक्षरं बघा, आंधळ्यालाही दिसेल. साहेबांचं म्हणणं, त्या काळी प्लिमथचीच बॉडी डॉजच्या नावाने परदेशात पाठवत, तेव्हा डॅशबोर्ड बघा, जाळीवर काय जाता? चेसिस गाडीखाली आडवे झाले आणि तिथूनच ओरडले, "नंबरावर रंग फासलाय!" दुपारी एकला तिघे गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, चहा फर्मास होता."

दुसऱ्या रविवारी भिंग आलं. तिसऱ्या रविवारी जुन्या माहितीपत्रकांची फाइल आली. दिव्याची काच, दाराची मूठ, डॅशबोर्डवरच्या काट्यांचा रंग, सगळ्याची मापं घेऊन झाली. 'चोपन्नची' यावर एकमत झालं, नावावर नाही. मी चहाचं आधण वाढवत गेले आणि तारखा मोजत गेले. सगळ्यात कहर म्हणजे नवरा त्यांना सामील झाला. चार वर्षं ज्याने त्या गाडीवरची धूळ पुसली नव्हती, तो आता जेवताना म्हणायला लागला, "आपल्या गाडीची मागची काच किती दुर्मिळ आहे, ठाऊक आहे का तुला?"

"आई कॉटवर आहेत, ते ठाऊक आहे मला," मी म्हटलं.

तिसऱ्याच रविवारी एक खरं गिऱ्हाईक आलं होतं. लग्नाचे फोटो काढणारा, गोड मुलगा. त्याला फोटोंसाठी शोभेची गाडी हवी होती. किंमतही मान्य होती. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "अहो, रंग मूळचा नाही." साहेब म्हणाले, "आणि घेताय ती प्लिमथ म्हणून घेऊ नका." गाडीखालून चेसिस म्हणाले, "गंज आहे!" फोटोग्राफर "विचार करून कळवतो" म्हणाला आणि पाठमोरा झाला तो झालाच.

चौथा रविवार सतरा तारखेला आला. चहाचा ट्रे घेऊन मी खाली गेले, तर तिघांच्या बरोबर नवराही मांडी घालून बसलेला. मी ट्रे खाली ठेवला नाही.

"एक विचारू? तुमच्यापैकी ही गाडी कोण घेणार आहे?"

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं.

"माझ्याकडे दोन आहेत," डॉक्टर म्हणाले. "जागाच नाही."

"मी केवळ अभ्यासक आहे," साहेब म्हणाले. "माझ्याकडे स्कूटरसुद्धा नाही."

"मी घेतली असती हो," चेसिस म्हणाले, "पण नक्की कोणती ते कळल्याशिवाय कशी घेणार?"

मी ट्रे बॉनेटवर आदळला. "महिनाभर माझ्या घरात पंचायत बसलीय! एक म्हातारं माणूस लेकीच्या हॉलमध्ये पडून आहे आणि तुम्ही मुठी मोजताय! आणि एवढंच हवं असेल, तर जिने तीस वर्षं या गाडीत बसून काढली तिला विचारायला काय झालं होतं?"

खरं सांगते, हे तोंडातून गेल्यावर माझं मलाच सुचलं. मी तिथेच सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, आपली गाडी कुठली? डॉज की प्लिमथ?"

"डॉज," त्या म्हणाल्या. साहेबांनी मूठ आवळून हवेत नेली. "पण थोबाड प्लिमथचं. ह्यांनी फाटकाच्या खांबाला ठोकली होती. जाळी चेपली. मिस्त्रीने दुसरी आणून बसवली, अक्षरांसकट. मी तेव्हाच म्हटलं, हे सोंग दिसतंय. पण माझं कोण ऐकतंय? मी कायम मागच्या सीटवर. पुढे ह्यांचे मित्र!"

साहेबांची मूठ खाली आली. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "म्हणजे भेसळ," ते हळूच म्हणाले. चेसिस फाइल आवरायला लागले.

"आणि अगं," सासूबाई म्हणाल्या, "तो मिस्त्री हे गेल्यावर दोनदा येऊन गेला गाडी मागायला. तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं मी."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला वाटलं, भंगारात घालेल."

मिस्त्रीचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. मी स्वतः गेले. सत्तरीचा माणूस, हाताला कंप. माझं सगळं ऐकून घेतलं, आतल्या माळ्यावर चढले आणि पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी खाली घेऊन आले. मूळची जाळी. चेपलेली ठोकून सरळ केलेली.

"सरळ केली तोवर तुमच्या सासऱ्यांना नवी आवडायला लागली होती," ते म्हणाले. "पण ताई, चुकीचं काम केलं मी. ती गाडी रस्त्यात दिसली की मान खाली जायची. एकदा तिला तिचा चेहरा परत लावायचाय."

आम्ही सांगितलेली किंमत त्यांनी कबूल केली आणि तासाभरात टो करायची गाडी घेऊन आले. तिघे शौकीन अजून फाटकाशी घोटाळत होते. पोत्यातली जाळी पाहिली मात्र, डॉक्टरांचा चेहराच पालटला.

"मूळची? मग वहिनी, मी दीडपट देतो!"

"आज नेता?"

"आज कसं शक्य आहे? आधी एक जागा मोकळी करावी लागेल. पुढच्या रविवारी—"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. दीडपट म्हणजे दीडपट. पण पुढचा रविवार चोवीस तारखेला होता, आणि मला आणखी एक रविवार नको होता. मी किल्ली मिस्त्रींच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

टायर बसलेले, त्यामुळे गाडी जागची हलेना. "आता बघताय काय? लावा हात," मी म्हटलं. डॉक्टर, साहेब, चेसिस आणि माझा नवरा, चौघांनी ढकलत ती बाहेर काढली. साहेब धापा टाकत म्हणत होते, "बघा, वजनसुद्धा डॉजचंच आहे!"

गवंडी दुसऱ्या दिवशी आला. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सासूबाई वॉकर धरून नव्या खोलीत आल्या. कॉटवर बसल्या, भिंतींवरून हात फिरवला, पंखा लावायला सांगितला, बंद करायला सांगितला.

"छान झालीय," त्या म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच पुढे म्हणाल्या, "फक्त खिडकी समोरच्या भिंतीला हवी होती. गवंडी गेला का गं?"