सायकलच्या रिंगांचा अणू

मित्रांनो, मी एक थकलेला अणू आहे. खरा नव्हे, खरा तुमच्या डोळ्यांना दिसायचा नाही. मी पाचोऱ्याजवळच्या एका शाळेतलं सोडियमच्या अणूचं प्रारूप.

रतिलाल सरांनी मला सुपडू मिस्तरीच्या सायकल दुकानात बनवून घेतलं. एक रिंग मोठ्या सायकलची, एक लहान मुलाच्या सायकलची, एक तीनचाकीची. एकीत एक ठेवून तारेने बांधल्या. मधोमध रबरी चेंडू, तो अणुकेंद्र. रिंगांवर बैलांच्या माळेतले निळे मणी, ते इलेक्ट्रॉन. आत दोन, मधे आठ, बाहेर एक. तो बाहेरचा एकटा मेला सारखा हरवायचा. सर हसून म्हणायचे, "सोडियमचा स्वभावच तो. बाहेरचं एक सहज देऊन टाकतो."

सर आधी डाल्टनचा भरीव गोळा सांगायचे. मग थॉमसनचा अणू म्हणून चक्क कलिंगड कापायचे. गर म्हणजे धनप्रभार, बिया म्हणजे इलेक्ट्रॉन. मुलं अणू खाऊन हात पुसायची. मग रुदरफोर्ड. त्याने सोन्याच्या पातळ पत्र्यावर कणांचा मारा केला, बहुतेक आरपार गेले, मोजके मात्र उलटे फिरले. म्हणजे अणूत मधे इवलंसं जड काहीतरी आहे आणि बाकी पोकळी. झालं, कलिंगड बाद! शेवटी बोरच्या ठरावीक कक्षा, म्हणजे मी. टाळ्या पडायच्या आणि मला वाटायचं, विज्ञान माझ्यापाशी येऊन थांबलं.

सर निवृत्त झाले, मी कपाटावर गेलो. जुने नकाशे, पाली आणि धूळ. यंदा नव्या दिपमाला मॅडमनी मला खाली उतरवलं तेव्हा मी हरखून गेलो. त्यांनी मला निरखून पाहिलं.

"हे जुनं झालं. इलेक्ट्रॉन असे कड्यांवरून फिरत नाहीत."

"मंग भंगारमा दी टाकू का, मॅडम?" शिपाई झुलाल आबांनी विचारलं.

"शनिवारी द्या."

मला दाराशी ठेवलं. भंगाराचं एवढं वाटलं नाही. गंज तर चढलाच होता. पण जन्मभर शिकवलं ते चुकीचं, हे फार लागलं.

त्याच आठवड्यात मॅडमनी नववीला सांगितलं, "इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही. कुठे सापडायची शक्यता जास्त, कुठे कमी, एवढंच. केंद्राभोवती ढग असावा तसं." वर्गाला तो ढग काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गातली भाविका पिशवी घेऊन आली. "आमना घरना कापूस शे, मॅडम. ढग करू."

मुलांनी एका चेंडूभोवती कापूस रचला. रचला की ढासळायचा. भाविका वैतागली आणि तिची नजर दाराशी गेली. तिने मला उचलून टेबलावर आणलं, मणी काढले आणि माझ्या रिंगांवर कापूस पसरला, आत दाट, बाहेर विरळ.

मॅडम खुलल्या. "आता झाला ढग! दाट तिथे शक्यता जास्त."

"पन मॅडम, रिंगा ते चुकीन्या शेतस. काढी टाकू?" हितेंद्र म्हणाला. मुद्दा बरोबरच होता. मी जीव मुठीत धरला.

त्याने तार सोडून मोठी रिंग ओढली. ढग एका अंगाला बसला. वर्ग खो खो हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी रिंग स्वतःच्या हाताने परत बांधली, कापूस सारखा केला आणि दाराकडे वळून म्हणाल्या, "झुलाल आबा, शनिवारचं राहू द्या."

आता मी कापसाखाली असतो. उकडतं, अंग दुखतं, कुणाला मी दिसतही नाही. उद्या हा ढगही कुणी बाद करील. मित्रांनो, मला चुकीचा म्हणा, खुशाल म्हणा. फक्त मोडीत काढण्याआधी एकदा वाकून बघा, माझ्यावर काय उभं आहे.