वरचा थर

गल्लीतली पोरं तिला उकरमावशी म्हणायची, आणि तिला ते मनापासून आवडायचं. कामच तसं! शहरात जुनी इमारत पडली की नवी उभी राहायच्या आत हिने तिथे घुसायचं, जमीन थराथराने उकलायची आणि आधी इथे कोण राहत होतं ते शोधायचं. हाताखालच्या शिकाऊ मुलांना ती दम भरायची, "वरच्या थराला कचरा म्हणालात तर याद राखा! काल फुटलेली बशीसुद्धा इतिहासच आहे."

यावेळी पाडल्या होत्या कामगारांच्या खोल्या. त्यातल्याच एकीत तिचे बाबा जन्मले होते.

"लाल फरशी होती गं, मधोमध पांढरी चांदणी. एक तुकडा आण. मरायच्या आधी हात फिरवीन."

"आणते की! पण मरायची घाई नको."

बिल्डरने मुदत दिली जेमतेम आठवड्याची. खाली कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचे प्राचीन हौद असणार, असा तिचा अंदाज होता. हौद सापडले तर कायद्याने बांधकाम थांबणार, अख्खी जागा वाचणार. खोल्यांना मात्र कुठलाच कायदा वाचवत नव्हता. वरून खुरपीने सुरुवात केली असती तर आठवड्यात हौदांपर्यंत पोचणं अशक्य होतं. तिने जेसीबीवाल्याला हात केला.

"वरचं काढ सगळं."

"मावशी, लाल लाल काहीतरी दिसतंय हां."

"काढ म्हटलं ना!"

डंपर भरून गेले. ती खड्ड्यात उतरली. पिवळी माती. आणखी खाली, आणखी पिवळी. राख नाही, खापर नाही, हाडाचा तुकडा नाही. माणसाचा हातच न लागलेली कोरी माती! हौद कधी नव्हतेच. जे काही होतं ते वरच्या थरात होतं.

तिने डंपरवाल्याला फोन लावला.

"खाणीत ओतलं, मॅडम. त्यावर बाकीच्या डंपरांचंही पडलं की."

घरी बाबांनी टेबल पुसून वर्तमानपत्र अंथरलं होतं. चष्माही लख्ख.

"काय गं, खाली काय निघालं?"

"काहीच नाही, बाबा. आपल्याआधी तिथे कुणीच राहिलं नव्हतं."

"म्हणजे आपणच पहिले?" बाबा लहान मुलासारखे हसले. मग त्यांनी तिच्या पिशवीकडे हात पुढे केला.

"आण बघू माझी चांदणी."