ओट्यावरचा पहिला नंबर

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात सविताबाईंनी राखीव जागेवरून पार्षदपदाचा, म्हणजे नगरसेवकाचा, फॉर्म भरला आणि विरोधी उमेदवार नंदकुमारनं लगेच हरकत ठोकली. म्हणे, हिचे आजोबा महाराष्ट्रातले. १९५०च्या आधी घराणं इथं होतं याचा कागद दाखवा, नाहीतर जातीचा दाखला चालत नाही. मुदत उद्या अकराची. झालं! तीस वर्षं वस्तीच्या नळासाठी भांडलेली बाई एका कागदापायी बाद व्हायची वेळ आली.

लेक प्राजक्ता इतिहासाचं पुस्तक घेऊन बसली होती. "आई, सेम टू सेम! अमेरिकेत गुलामी संपली आणि १८७० साली हायरम रेव्हल्स म्हणून पहिला ब्लॅक माणूस सिनेटात आला. तर विरोधक म्हणाले, नऊ वर्षांचं नागरिकत्व दाखव."

"मग दाखवायचं की!"

"कुठून दाखवणार? त्याच्या लोकांना नागरिक मानतच नव्हते ना. त्यांना नागरिक मानणारा कायदाच नवा."

"मेले! आधी दार लावायचं आणि वर विचारायचं, आत कधी आलास? पुढं काय झालं त्याचं?"

"दोन-तीन दिवस वाद घातला त्यांनी. पण शपथ घेतलीच त्यानं."

सविताबाई पाणी प्यायला उठल्या. त्यांनी पितळी तांब्या तोंडाला लावला. प्राजक्ता एकदम ओरडली, "आई, थांब! काय लिहिलंय त्यावर?"

घरोघरी भांड्यांवर नावं असतातच, रोज कोण वाचतं? तांब्याच्या गळ्याशी कोरलं होतं : 'उखर्डू. चौथी, पहिला नंबर. बुऱ्हाणपूर, १९४८.'

"उखर्डू आजोबा शाळेत होते?" सविताबाईंनी तांब्या उजेडात धरला. त्यांनी तर आजोबांना जन्मभर हमालीच करताना पाहिलं होतं.

भांडं काही पुरावा होत नाही, पण शाळेत रजिस्टर असणार. मायलेकी तडक इतवारा भागातल्या जुन्या शाळेत गेल्या. क्लार्कनं धूळ झटकत नोंद काढली. नाव होतं, जात होती, साल होतं. सविताबाईंनी शेवटचा रकाना दोनदा वाचला आणि डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी अकराला अधिकाऱ्यानं नक्कल पाहिली. "ठीक आहे. १९४४चा प्रवेश."

"साहेब, शेवटचा रकाना राहिला. मोठ्यानं वाचा," सविताबाई दारात उभ्या राहूनच म्हणाल्या.

अधिकारी अडखळला. "बैठक : वर्गाबाहेर, ओट्यावर."

नंदकुमार मोबाइलमध्ये बघत राहिला.

"हरकत फेटाळली," अधिकारी म्हणाला. "बसा, मॅडम."

सविताबाई आत आल्या आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या.